पोळ्याच्या तोंडावर दुकान हलवताना

आबा,

यंदा पोळ्याच्या तोंडावर मी जेवढी भ्याले, तेवढी तुम्ही गेलात तेव्हाही भ्याले नव्हते. तेव्हा रडायला वेळ होता आणि जवळ माणसं होती. या वेळी रडावं असं काही घडलंच नव्हतं, फोनवर चार ओळींचा एक निरोप आला होता. पण तो तुम्हाला समजावून सांगायचा तर आधी बरंच सांगावं लागेल. तुम्ही होतात तेव्हा घरातला फोन तारेला बांधलेला होता. आपलं दुकान म्हणजे मस्तगडच्या गल्लीतली ती अरुंद खोली, दाराला टांगलेले गोंडे, घुंगरमाळा, कासरे, आणि बाजाराच्या दिवशी एसटीच्या टपावर चढणारी तुमची गाठोडी.

ती खोली अजून आहे. दाराला आता काही टांगलेलं नसतं, कारण दारावरून जाणाऱ्यांपैकी कुणाकडे बैल उरलेले नाहीत. तुमच्यामागे काही वर्षं मी सकाळी दुकान उघडायचे आणि संध्याकाळी बंद करायचे, मधे फारसं काही व्हायचं नाही. मग पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं आपलं दुकान इंटरनेटवर मांडून दिलं. म्हणजे असं, की मी गोंड्याचा फोटो लावते, खाली किंमत लिहिते आणि लांबच्या गावातला कुणी माणूस आपल्या फोनवर तो बघून मागवतो. बैल कमी झाले, पण ज्यांच्याकडे आहेत ते त्यांना पूर्वीपेक्षा जास्त नटवतात. त्या मांडणीत मी एक चौकट मुद्दाम मागून घेतली होती. बैलाचं नाव. झुलीवर नाव भरून द्यायची तुमची पद्धत मी सोडली नाही. लोक तिथं पाखऱ्या लिहितात, हिऱ्या लिहितात, कुणी नावापुढे लिहितो की याचं डावं शिंग मोडलंय, त्या बाजूला गोंडा जरा भरगच्च द्या. हे सगळं त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये साठत गेलं. आपलं दुकान त्याच्यावर उभं होतं, जसं पूर्वी त्या खोलीवर होतं.

निरोप असा होता, की ती कंपनी बंद होतेय. पोळ्याच्या आधीच. तुमचं दुकान दुसरीकडे हलवून घ्या, असं त्यांनी फार नम्रपणे लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि फोन उताणा ठेवायचा तो पालथा ठेवला, जसं काही त्यानं निरोप परत जाणार होता. आपली वर्षाची विक्री पोळ्याच्या महिन्यात होते हे तुम्हाला सांगायला नको. त्या महिन्यात दुकान दिसलं नाही, तर गिऱ्हाईक दुसरीकडून घेतं आणि पुढच्या वर्षी तिकडेच जातं. बैलाचा साज कुणी दोनदा शोधत बसत नाही.

त्याच आठवड्यात धावड्याच्या काकूंचा फोन आला. तुम्ही त्यांना ओळखत होतात, तुमच्याकडून सूत नेऊन गोंडे करून द्यायच्या त्याच. आता त्यांच्या हाताखाली गावातल्या तिघीजणी काम करतात. म्हणाल्या, "पोरी, सूत रंगवून वाळत घातलंय. यंदा किती करायचे, बराबर सांग." मी म्हणाले, "काकू, थोडं थांबा, मी कळवते." त्या म्हणाल्या, "थांबून कसं जमंल? पोळा थांबतो का कुणासाठी? अन् या बायांनी दुसरं काम धरलं न्हाई तुझ्या भरवशावर." मी हो म्हणाले.  

दुकान न्यायचं कुठं हे ठरवायला बसले तर भीती आणखी वाढली. एक रस्ता असा, की ज्या मोठ्या बाजारात सगळ्या देशाचा माल एकाच छपराखाली विकतात तिथं आपलाही ठेवायचा. तिथं गिऱ्हाईक भरपूर, पण ते त्या बाजाराचं, आपलं नाव खाली बारीक अक्षरात. दुसरा रस्ता म्हणजे स्टेशन रोडवर एकानं कार्यालय थाटलंय, तो स्वतःचंच सॉफ्टवेअर भाड्यानं देतो आणि सगळं करून देतो. तिसरं एक परदेशी सॉफ्टवेअर, मराठीतही चालणारं, पण सगळं आपलं आपण करायचं. काही बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते ठाऊक नाही.

मी स्टेशन रोडला गेले. माणूस बोलायला गोड. थंड पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. "मॅडम, बिलकुल टेन्शन घेऊ नका. तुम्ही फक्त माल बांधायचा, बाकी सगळं आमच्याकडं." ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, आबा, की तिथल्या तिथं सही करावीशी वाटली. कुणीतरी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेत होतं. पेन हातात होतं. आणि मला शहागड आठवलं.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. शहागडचा बाजार, उन्हाळा, खाली अंथरलेल्या पोत्यातूनही जमीन पोळतेय. हायवेच्या कडेला, ट्रक थांबतात तिथं, एकानं नवीन पत्र्याचं शेड बांधलंय आणि तो तुम्हाला बोलावतोय. सावलीला बसा, माल इथंच ठेवत जा, एसटीवर चढवायची कटकट नको, कुलूप मी लावतो. मी तुमच्या धोतराचा सोगा ओढतेय, आबा चला ना, सावली आहे. तुम्ही त्याला विचारता, "अन् मला माल काढून न्यायचा असला, तर?" तो म्हणतो, "मी असतोच की." तुम्ही पुन्हा विचारता, "तुम्ही नसले तर?" तो हसतो. तुम्ही नको म्हणून परत येता आणि मी तोंड पाडलेलं बघून म्हणता, "सावली पाह्यजे तर घरी राह्यचं होतं." दिवसभर आपण उन्हात बसलो. मी तुमच्याशी बोलले नाही.

स्टेशन रोडच्या त्या थंड खोलीत मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "उद्या मला इथून निघायचं झालं तर?"

"निघायचं म्हणजे?"

"म्हणजे माझी गिऱ्हाइकं, त्यांचे पत्ते, बैलांची नावं, हे सगळं मला बरोबर नेता येईल का?"

तो हसला. "मॅडम, लग्नाच्या आधीच काडीमोडाचं बोलून राह्यल्या तुम्ही." मग म्हणाला, तशी सोय नाही, पण तशी वेळही येणार नाही. मी विचार करून सांगते म्हणून उठले. रस्त्यावर आले. मला शहाणपणा केल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. हातातली एकमेव आधाराची जागा मी सोडून आले, असंच वाटत होतं.

घरी आले तर आई शेंगा फोडत बसलेली. तिला दिसतं कमी, पण माझ्या चालण्यावरून तिला कळतं. मी शहागडची गोष्ट काढली. म्हणाले, आबांना बरं कळायचं सगळं, ते कधी भ्याले नाहीत. आईनं शेंगा बाजूला सारल्या. "कोण, तुझे आबा? त्या दिवशी आल्ते घरी, अन् भाकर पुढं घेऊन नुसते बसले. म्हणले, मी चुकलो असंल तर? पोरीला दिवसभर उन्हात बसवलं म्या. पुढचा सगळा हंगाम तेच बोलून राह्यलते." मी विचारलं, "मग त्या शेडवाल्यानं कुणाला फसवलं का?" ती म्हणाली, "न्हाई. बसले त्यांचं चांगलं चाललं. मस चांगलं चाललं."

आबा, हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला वाटायचं तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही भाकरीपुढे बसलेले, आणि मी आतल्या खोलीत तुमच्यावर रुसून झोपलेली. हे ऐकून मला धीर यायला हवा होता, पण मी आणखी भ्याले. तुम्हालाही ठाऊक नव्हतं म्हणजे कुणालाच ठाऊक नसतं.

तरी काहीतरी करायला हवं होतं. परदेशी सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून बघता येत होतं. मी आईला गिऱ्हाईक केलं. ती पलंगावर, मी तिच्याशेजारी, फोन तिच्या हातात. "काय पाहिजे आजी?" "गोंड्याची जोडी, लाल." "बैलाचं नाव?" तिनं माहेरच्या एका बैलाचं नाव सांगितलं, जो माझ्या जन्माच्याही आधी मेला होता. मी ते माझ्या कॉम्प्युटरवर लिहिलं, पार्सलवर चिकटवायची चिठ्ठी छापली. मराठी अक्षरं नीट उमटली, वेलांटीसकट. मग मी सगळं परत काढून बघितलं. गिऱ्हाईक, पत्ता, बैल, सगळं एका दमात माझ्या कॉम्प्युटरवर उतरलं. जे आत जात होतं ते बाहेर येत होतं. मी तेच घ्यायचं ठरवलं. खात्री म्हणाल तर नव्हती.

पुढचे दिवस मी जुन्या दुकानातला माल नव्यात मांडत होते. फोटो, किमती, नावं. आई म्हणायची, दोन घास खा, मी म्हणायचे, खाल्ले. मग एका सकाळी जुनं दुकान बंद केलं आणि नवं उघडलं. ते बंद करायचं बटण दाबताना माझं बोट त्याच्यावर टेकलेलं होतं आणि दाबलं जात नव्हतं. पडदा पुन्हा विचारत होता, नक्की का? मी डोळे मिटून दाबलं.

मग काहीच झालं नाही. सकाळ गेली, दुपार झाली, एकही मागणी आली नाही. श्रावणातला दिवस, एरवी फोन सारखा वाजत असायचा. नवं दुकान माझ्या समोर पडद्यावर झगमगीत उभं, आणि आत कुणी नाही. लोक येऊन बघून जात होते, तेवढं दिसत होतं, पण घेत कुणीच नव्हतं. मी प्रत्येक पान उघडून बघितलं. सगळं बरोबर दिसत होतं आणि तेच जास्त भयंकर होतं. चूक दिसली असती तर हात तरी घालता आला असता. धावड्याच्या काकूंचा फोन आला तो मी उचलला नाही. काय सांगणार होते? रंगवलेलं सूत गुंडाळून ठेवा म्हणून? मी भिंतीला टेकून खाली बसले.

दुपार कलली तेव्हा एक अनोळखी नंबर वाजला. हिंगोलीकडचे एक म्हातारे गृहस्थ होते, दरवर्षी मागवणारे.

"ताई, दुकान बंद केलं काय तुम्ही?"

"नाही काका, सुरू आहे. का हो?"

"सगळं भरलं म्या. बैलाचं नाव बी टाकलं. पर खाली लिहून येऊन राह्यलं, तुमच्या पत्त्यावर माल पाठवता येत नाही. आमचं गाव वगळलं का काय?"

मी म्हणाले, काका, फोन ठेवू नका. योग्य पान सापडायला वेळ लागला. माल कुठं कुठं पाठवायचा ते भरायची एक जागा होती त्यात. ती रिकामीच होती; आईची मागणी मी स्वतः मालकाच्या बाजूनं भरली होती, म्हणून तेव्हा ते कळलं नव्हतं. मी सगळं भरलं होतं आणि तेवढंच राहिलं होतं, म्हणून दुकान प्रत्येक माणसाला नाही म्हणून परत पाठवत होतं. सबंध दिवस. मी राज्य निवडलं, शेजारची राज्यं निवडली, जतन केलं. "आता बघा काका." पलीकडून त्यांचं जड श्वास घेणं ऐकू येत होतं, ते एकेक अक्षर बघून दाबत असावेत. मग माझ्या फोनवर घंटी वाजली. ते म्हणाले, "गेलं वाटतं." मी पडद्यावर त्यांच्या बैलाचं नाव वाचत बसले. ते म्हणाले, "ताई, आहे का लाईनीवर? पोळ्याच्या आत येईल ना बराबर? न्हाईतर आमचा बैल बोडका राहील." मी म्हणाले, येईल.

त्यांची जोडी मी त्याच संध्याकाळी बांधली. मग काकूंना फोन केला आणि किती गोंडे करायचे ते सांगितलं, दरवर्षीपेक्षा कमीच. त्या म्हणाल्या, "करतो." पोळा झाला. बरीच गिऱ्हाइकं आली, काही आलीच नाहीत, त्या दिवशी नाही ऐकून परत गेली ती बहुधा दुसऱ्या दुकानाकडेच राहिली. काकूंच्या एका बाईला यंदा काम पुरलं नाही, ती कापूस वेचायला जाणार आहे. निवड बरोबर होती की चूक, मला अजून सांगता येत नाही. फोन थोडा वेळ वाजला नाही की मी नवं दुकान उघडून कुठली जागा रिकामी राहिलीय का ते बघत बसते.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, माहीत आहे मला. घडी करून ठेवीन, किंवा ठेवणारही नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. नव्या सॉफ्टवेअरनं सुरुवातीला विचारलं होतं, दुकानाच्या मालकाचं नाव काय. माझं लिहायला गेले आणि धीर झाला नाही, एवढ्या मोठ्या गोष्टीत मी एकटी, असं वाटलं. म्हणून तुमचं घातलं. आता रोज सकाळी पडदा उघडला की ते तुमचं नाव घेऊन नमस्कार करतं. बदलायला एक मिनिट लागेल. मी बदललेलं नाही, आणि आईलाही सांगितलेलं नाही.