कवळी वाकली नव्हती

प्रिय सुनयनावन्सं,

मी गरम पाण्यात धुतली म्हणून आत्यांची, तुमच्या आईची, कवळी वाकली, असं तुम्ही अख्ख्या करंजाड्यात सांगत फिरलात. आज नवी बसवताना कामोठ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या जबड्याचे जुने-नवे एक्सरे शेजारी शेजारी लावले. दात गेले की तिथलं हाड झिजत जातं आणि कवळी ढिली होते. कवळी होती तशीच आहे, वन्सं! मी तिथेच टाळी वाजवली.

तुमच्या त्या बोलण्यानंतर आत्या जुन्या कवळीला मला हातही लावू द्यायच्या नाहीत, पण घरी आल्यावर नवी काढून माझ्या हातात ठेवली.

“धू गं, उज्वला. पाणी हवं तेवढं कडत घे.”

मी गारच घेतलं.

आता हे पत्र तुम्हाला कशाला पाठवू?

तुमची निर्दोष वहिनी,
उज्वला