बिनखांबाचा पोर्च

२ मे १९६६, बालाघाट
औषधांच्या नमुन्यांची पेटी घेऊन नागपूरहून आलो. मुक्काम ताईकडे. भाऊजींनी चहाआधीच त्यांच्या ऑफिसचा, स्वतः उभं राहून बांधून घेतलेला नवा हॉल दाखवायला नेलं. छप्पर उताणं, मधेच खोलगट, खिडक्या कमरेखाली, पुढे वीस फूट सिमेंटचा पोर्च, खांब एकही नाही! खाली टेकू म्हणून एक लाकडी बल्ली. म्हटलं, ‘‘भोपाळच्या इंजिनिअर साहेबानं नकाशा उलटा धरला होता का?’’ सगळं ऑफिस हसलं, भाऊजी सोडून. भाची कुसुमचं लग्न ९ ला इथंच. हॉलमधलं पहिलं.

३ मे
बल्ली काढली. मिस्त्री चैतूनं हात लावायचं नाकारलं, काम सोडून गेला म्हणे. भाऊजींनी मजुरांकडून काढवली. त्यावरही मी एक विनोद केला, जमला. ताई चिडली. ‘‘पोरीच्या लग्नाच्या जागेले नावं काहून ठेवतं?’’

५ मे, उकवा
खाणीच्या दवाखान्यात नमुने दिले. कंपाउंडर म्हणाला, तुमचा हॉलवाला चैतू इथंच कामाला लागलाय. भेटलो. चेष्टेनंच विचारलं. तो हसला नाही.
‘‘जो बल्ली काढन त्यानंच पह्यले खाली बसून भाकर खा लागते, साहेब. आमच्यात तसंच हाय. कोन बसलं?’’
कोणीच नाही.
‘‘बिनखांबाच्या पोर्चले सळया वरतून पाह्यजे होत्या, खालतून टाकल्या. मी बोललो तं मलेच हाकललं.’’
परतीची बस धरली.

६ मे
भाऊजींना सगळं सांगितलं. प्रथमच खदखदून हसले. ‘‘आता मिस्त्रीच्या नावानं थट्टा! चार दिवसांपासून ऐकूनच राह्यलो.’’ मी कुसुमची शपथ घेतली, तेही त्यांना नाटकच वाटलं. पत्रिका वाटून झाल्यात. माझीच जीभ नडली.

७ मे
शिडी लावून पाहिलं. पोर्च भिंतीला मिळतो तिथं, वरच्या बाजूला, केसाएवढी रेघ. चौकीदार म्हणतो, ‘‘चुन्याची हाय जी.’’

८ मे
रेघेत पोस्टकार्डाचा कोपरा जातो. भाऊजींना ओढून नेणार होतो, पण ते पाहुण्यांना आणायला स्टेशनवर.

९ मे
लग्न आत हॉलमध्ये लागलं. वाटलं, सुटलो. आता फोटो. उजेड चांगला म्हणून फोटोवाल्यानं दोन्हीकडची मंडळी पोर्चखाली उभी केलीत, चाळीसेक माणसं. मी समोरच्या पानठेल्यावर लिहीत बसलोय. मघाशी जीव तोडून ओरडलो, बाहेर या! सगळे हसले, व्याही सगळ्यांत मोठ्यानं. कुसुमनं शेजारची खुर्ची अडवून ठेवलीय.
‘‘मामाजी, या ना! तुमच्यासाठीच थांबून राह्यलो आम्ही.’’
मी गेल्याशिवाय फोटो निघत नाही, आणि फोटो निघाल्याशिवाय कोणी हलत नाही.
जातो.