एक रुपया शिल्लक

सोलापूर,
रविवार, २ ऑगस्ट

ती. ताईस,

चिंतामणीचा नमस्कार. दाजींनाही सांग. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. आम्ही तिघं बरे आहोत. तुला पत्र लिहिलं होतं त्याला फार वर्षं झाली. तेव्हा मी अकरावीत होतो आणि पैसे मागितले होते. (हे पत्र तसं नाही.) फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच हसतेस, आणि जे सांगायचं आहे त्यात हसण्याच्या जागा फार आहेत. म्हणून लिहितो.

सईला पुण्यात फिजिओथेरपीला जागा मिळाली, हे तुला कळलंच असेल. पहिल्या वर्षाची फी चौदा ऑगस्टपर्यंत भरायची आहे. न भरल्यास जागा पुढच्या मुलीला जाईल. शैक्षणिक कर्जासाठी मी तिला घेऊन शाळेजवळच्या बँकेत गेलो. तिथे रेश्मा मॅडम म्हणून अधिकारी आहेत, वयाने सईपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी माझा पॅन नंबर टाइप केला, पडदा थोडा स्वतःकडे वळवला, आणि हळू आवाजात सांगितलं की माझं सिबिल सहाशे एकतीस आहे. मी विचारलं, कितीपैकी? नऊशेपैकी, म्हणाल्या. मी मनात भागाकार केला आणि म्हणालो, म्हणजे सत्तर टक्के, प्रथम श्रेणी. (एकोणतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात काढल्यावर हे आपोआप होतं.) त्या म्हणाल्या, "सर, हे तीनशेपासून सुरू होतं." मग समजावलं. आपण आजवर कुठून कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर दिले की नाही, याची नोंद कुठेतरी होत असते आणि तिचा हा आकडा. मुलीच्या कर्जात बाप सहकर्जदार असतो, म्हणून आकडा बापाचा बघतात. सातशेच्या खाली त्यांचा हात चालत नाही. सई शेजारच्या खुर्चीत होती. ती फरशीकडे बघत होती.

मी कुणाचं बुडवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. (शाळेत तर सगळ्यांनाच माहीत आहे, कारण मी सांगत असतो.) आयुष्यात एकच कर्ज घेतलं, स्कूटरचं, एका खाजगी बँकेचं. तेही मार्च २०१९ मध्ये मुदतीआधी फेडलं. पगारवाढीच्या फरकाची रक्कम हातात आली होती. कर्जाचे नऊ हजार चारशे बारा रुपये उरले होते, ते घेऊन गेलो आणि नऊ हजार चारशे अकरा भरले. खिडकीतला मुलगा म्हणाला, काका, एक रुपया राहिला. मी म्हणालो, राहू दे, खातं रिकामं करू नये. तो हसला. मला वाटलं, संस्कार आवडले.

आपल्या घरात कुठला डबा कधी रिकामा झाला? पिठाच्या डब्याच्या तळाशी आई मूठभर ठेवायची आणि त्यावर नवं ओतायची. यशोदाही तेच करते. मीही तेच केलं. पुढे त्या बँकेवरून जाताना मला बरं वाटायचं, की आत आपला एक रुपया आहे, संबंध तुटलेला नाही. एकदा सईला स्कूटरवरून ती इमारत दाखवलीही होती. तो रुपया माझा नव्हता, ताई. त्यांचा होता. दंड आणि दंडावरचा दंड मिळून त्याचे सहा हजार सातशे चाळीस झाले, आणि दर महिन्याला माझ्या नावापुढे 'थकीत' अशी नोंद होत गेली. शाळेत फी थकवणाऱ्या पालकांची नावं मी ज्या अक्षरात फलकावर लावतो, तशीच ती मला दिसली.

त्यांनी कळवलं नाही असंही नाही. मोबाइलवर निरोप यायचे. मी ते फसवणुकीचे समजून पुसायचो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी शिक्षकांच्या खोलीत सूचना लावली की कर्ज थकल्याचे संदेश आल्यास न वाचता पुसावेत, खाली सही, मुख्य लिपिक. आमच्या विज्ञानाच्या जोतिराम सरांनी ती पाळली. त्यांचं क्रेडिट कार्ड बंद पडलं. ते अजून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

यानंतर शहाण्या माणसाने काय करावं? मी अर्ध्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून आठवड्यात आणखी चार बँकांत अर्ज दिले. एका डॉक्टरचं पटलं नाही तर दुसऱ्याकडे जातो, तसं. शेवटच्या बँकेत सिद्धाप्पा नावाचे शिपाई आहेत, अक्कलकोटकडचे. त्यांनी मला बाकावर बसवून पाणी दिलं आणि विचारलं, कितवी बँक? मी सांगितलं. "अवो सर, असं दारोदार अर्ज देत फिरलाव तर त्या मशीनला वाटतंय की, हा माणूस लई अडचणीत हाय. दर अर्जाला नंबर खाली येतोय." खरंच आला होता. सहाशे सात. मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? म्हणाले, "रोज हितंच हाय की मी. तुमच्यावानी रोज दोघं रडत्यात." (मी रडलो नव्हतो. डोळ्यांत धूळ गेली होती, आणि सोलापुरात ती जाते.)

मग जुन्या बँकेच्या वसुलीवाल्याला फोन लावला. तो तीन हजारांत मिटवायला तयार झाला, म्हणजे निम्म्याहून कमी. त्या संध्याकाळी मी यशोदेला शिरा करायला सांगितला. दुसऱ्या दिवशी रेश्मा मॅडमना हे ऐटीत सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. तडजोड केली तर तशीच नोंद राहते आणि तो डाग पुढे सात वर्षं दिसतो. पूर्ण भरा, बाकी नसल्याचा दाखला घ्या, चूक दुरुस्त करायचा अर्ज द्या, पुढचे काही महिने नवीन कर्ज मागू नका. मी परत फोन करून म्हणालो, मला तीन हजार नकोत, सहा हजार सातशे चाळीसच घ्या. मग त्याने विचारलं, "काका, घरी सगळं बरं आहे ना?"

भरले. दाखला घेतला. नोंद सुधारायला महिना-दोन महिने लागतात आणि चौदा तारखेला बारा दिवस आहेत. यशोदेने ताटं वाढली. सई म्हणाली, "बाबा, मी एक वर्ष थांबते, काय होतंय?" खिडकीवर आलेल्या पालकांना मी 'उद्या या' म्हणतो, त्यापेक्षा पुष्कळ मायेने म्हणाली. जेवण झालं नाही.

असो. सहज लिहिलं. काळजीचं कारण नाही.

तुझा,
चिंतामणी

ता. क. रेश्मा मॅडम म्हणाल्या की बापाची सोय नसेल तर सख्खी आत्या सहकर्जदार म्हणून चालते. तू पिठाच्या गिरणीचं कर्ज हप्ता न चुकवता फेडलंस. त्या कर्जाला जामीन म्हणून तू माझी सही मागायला वैरागहून आली होतीस. मी सही दिली नाही. उलट चहा देऊन पाऊण तास तुला व्यवहार शिकवला. तू एसटीची वेळ झाली म्हणून उठलीस. एसटीला दीड तास होता, हे मला ठाऊक होतं. मी थांब म्हणालो नाही. पुढे तू पाटल्या गहाण ठेवल्यास हे कळलं तेव्हाही मी काही बोललो नाही. आता सही मागतो आहे.

ता. क. २. पाकिटावर पत्ता घालायला सईला बोलावलं, तर तिने पाकीट बाजूला ठेवलं. मग सांगितलं की सोमवारीच तिने तुला फोन केला होता आणि तू लगेच होय म्हणालीस. तुझा सिबिलचा नंबर तू स्वतःच मोबाइलवर काढून तिला पाठवलास, आठशे बारा. (आपला आपण बघितला तर तो कमी होत नाही, हेही मला तिनेच सांगितलं. मी भीतीने बघत नव्हतो.) कागद घेऊन गुरुवारी येणार आहेस, आणि तिला बजावलं आहेस, "चिंतूला सांगू नको. तो स्वतः विचारतो का बघू."

म्हणजे या पत्राचं आता काम नाही. फाडणार होतो. पोस्टात टाकलं तर तू निघाल्यावर पोचेल आणि दाजी उघडतील. म्हणून गुरुवारी स्टँडवर तुझ्या हातात देणार आहे. तू वाचून होईपर्यंत मी समोर उभा राहीन. तेवढं तरी मला जमलं पाहिजे.