दहा दिवस वर्ज्य

३ मे
बोटीतून उतरले तर थेट गळ्यात फुलांची माळ! माझ्या रुग्णाच्या शेजारच्या लेसिएलीकाकूंनी मला न्याहाळून विचारलं, एवढीशी पोर, हीच का ती पदवीवाली नर्स? आमच्या घरातली पहिली पदवी या टोकाच्या बेटावरही ठाऊक! बाबांना कळवायला हवं.

ज्यांच्या शुश्रूषेला आले त्या तोकिलुपेमावशी एकट्याच राहतात, मुलं ऑकलंडला. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरलाय, छातीवरची जखम उघडी आहे. त्यांना बरं करणं माझ्या हातात नाही. वेदना आणि वास कमी करणं आहे. मॉर्फिन वेळेवर दिलं, वास मारणारी गोळी कुटून जखमेवर भुरभुरली. दुपारी त्या चक्क हसल्या.

११ मे
मावशींना मरणाची भीती नाही, एकटीनं मरण्याची आहे. शेवटपर्यंत थांबेन असं वचन दिलंय. नारळाच्या दुधात कुस्करलेली अळकुडी मी भरवते. चार घास खातात, वर मलाच दटावतात की काडी झालीस नुसती.

१९ मे
पहाटे गेल्या. हात माझ्या हातात होता. कुणालाही न बोलावता मीच आंघोळ घातली, शिकवलं होतं तशी. लेसिएलीकाकू दारातच थबकल्या. काय केलंस हे, पोरी? प्रेताला हात लावला की दहा दिवस आपल्या हातानं जेवायचं नसतं, रक्ताच्या माणसानं भरवायचं. इथे तुझं कोण आहे? पदवी भरवणार का तुला?

२० मे
दफन झालं. मुलं पोचली नाहीत. मी मुद्दाम माझ्या हातानं जेवले. उलटी झाली. तीनदा. काकू ताट उंबऱ्यावर ठेवतात, आत येत नाहीत.

२२ मे
भर दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा तोंडात अळकुडी होती. ताट अर्धं रिकामं. काकू म्हणाल्या, मी नाही गं. मग माझ्या ओठांकडे पाहत मागे सरकल्या.

२३ मे
बोट आली. काकूंनी माझी बॅग उचलली, चल म्हणाल्या, एकदा नाही, चारदा. मी म्हटलं, जेवून येते.
बोट गेली.

२४ मे
आज जागी आहे. बोटं गार — पण जपून भरवतात. पाच दिवसांत मला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता —
पोट भरलं. सांगितलं. नको म्हटलं की समोर मावशींच्या आवाजात कुणीतरी रडतं —
म्हणून पुन्हा तोंड उघडते — आता श्वासाला जागा —