सुनेनं मारलेली हाक

नांदेड, श्रावणातला सोमवार

निजामाबादहून विहीणबाईंनी अंबाडीच्या लोणच्याची बरणी पाठवली. एसटीवाल्याला वीस रुपये दिले. उपास, म्हणून चाखलं नाही.

बरणी उचलायला वाकले तर नवी सून धावली. "अत्ता, तुम्ही बसा, मी घेते." लग्नाला महिना झाला, हाक आज पहिल्यांदा.

"अत्ता म्हणजे गं?"

"आमच्या तेलुगूत बापाची बहीण. सासूपण."

"अगं, आमच्यातबी सासूला आत्याच म्हणतात! उदगीरची जाऊ कानडीत अत्ते म्हणती."

"मग तुम्ही आमचा शब्द उचलला!"

"न्हाई, तुम्हीच आमचा!" लई हसलो दोघी.

मूळचा कोणाचा, महादेवाला ठाऊक. पण भावाची लेक सून करायची रीत तिन्हीकडे, त्यातूनच आला असणार. ती रीत मीच मोडली. लातूरच्या दादाला पुष्पीसाठी शब्द दिला होता, अन् लेकानं हिला पसंत केलं. पोरगी गुणाची हाय, तक्रार नाही. पण दादा लग्नाला आला नाही, फोन उचलत नाही. अन् आज ती हाक ऐकली तर पुष्पीच डोळ्यांपुढं...

शेवटी कार्ड लिहिलं: "दादा, चूक माझी. पण सून झाली नाही म्हणून पुष्पीची मी आत्या राहिले नाही का? राखीला दोघं या. उलट टपाली कळव."