झिजलेलं बटण

४ जानेवारी
ती. मामास,
सा. न. वि. वि.
आधी मामीच्या गुडघ्यांची चौकशी करते, नाहीतर 'कामापुरता मामा' म्हणून टोमणा मारशील.

आमच्या कंपनीत नव्या गेमिंग कन्सोलवरून दोन तट पडलेत. साहेबांना ताकदवान चिप हवी. मग सगळा खर्च चिपवर आणि गेम बनवणारी माझी आठजणांची टोळी बंद. मला साधी चिप आणि आमचे गेम हवेत. साहेब म्हणतात, दुबळं यंत्र दोन वर्षांत अडगळीत जातं. बैठकीत मला उत्तर द्यायचंय. तीस वर्षं तू कन्सोल दुरुस्त करतोयस. खरं सांग, टिकतं कोण?

लोभ असावा, टोमणे बेताने.
तुझी भाची

९ जानेवारी
चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.
मामीचे गुडघे ठीक, जीभ त्याहून ठीक.

तुझं पत्र आलं तेव्हा टेबलावर दोन यंत्रं उघडी होती. एक ताकदीसाठी गाजलेलं. पंख्यात धुळीचा गोळा, बटणं मात्र नवी कोरी. मालक म्हणाला, दोन गेम खेळलो, देखावे पाहिले, पुढे काही आलंच नाही. बडा घर, पोकळ वासा! दुसरं बारा वर्षांचं, ताकदीने यथातथाच. बटणाखालचं रबर झिजून पापुद्रा झालेलं, मी तिसऱ्यांदा बदललं. मालक बस चालवतो. दुरुस्ती होईपर्यंत काउंटरपाशी उभा राहिला, हलेचना.

पण लगेच नाचू नकोस. दुबळी आणि तरीही कोरी यंत्रंसुद्धा माझ्या कपाटात पडून आहेत. गेम भिकार असले तर साधेपणाला कोण विचारतो? तुमचे कसे आहेत ते तूच जाण. झिजलेली रबरं पाकिटात घातलीत, साहेबांना दाखव.

मामीचा आशीर्वाद मनापासून, माझा सवयीने.
तुझा मामा

२० नोव्हेंबर
ती. मामास,
सा. न. वि. वि.
तुझी रबरं बैठकीत टेबलावर ओतली होती ना, त्याचं फळ आज दुकानांत आलं. साहेबांनी साधं यंत्र काढलं, पण सहा महिन्यांत चाललं नाही तर टोळीसकट मी घरी. मामा, मला फार भीती वाटते. एक यंत्र तुला पाठवतेय. खोटं कौतुक केलंस तर बोलणार नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

२ मे
चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.
तुझ्या मुदतीचे अठरा दिवस उरलेत, हे माझ्या लक्षात आहे. कौतुक करत नाही, तक्रारच करतो. यंत्र घरात आल्यापासून मामीने मला त्याला हात लावू दिलेला नाही. स्वयंपाक मी करतो, आणि ताट वाढलं की ती म्हणते, एवढी पातळी संपू दे.

या आठवड्यात तुझी यंत्रं घेऊन नऊ गिऱ्हाइकं आली. बिघाड एकच, खेळून खेळून झिजलेलं बटणाचं रबर. माझ्याकडची संपत आली, शंभरेक पाठव, आणि हे पत्र साहेबांना वाचायला दे. तुझा मला अभिमान वाटतो, हे एकदाच लिहितोय, जपून ठेव.

आता आवरतं घेतो. दहावं गिऱ्हाईक तुझी मामी आहे. काउंटरपाशी उभी आहे, आणि गुडघे दुखत असूनही हलायचं नाव घेत नाही.

तुझा मामा