वनजाचे ‘हाळु’ आणि माझे ‘हालु’

म्हैसूर, शनिवार, १८ जुलै १९१४

तीर्थरूप गुरुरावकाकांच्या पायांशी भानुमतीचा नमस्कार. आम्ही सारे ठीक. काकूंचा गुडघा व तुमच्या तिन्ही म्हशी बऱ्या असाव्यात (काकूंना म्हशींच्या ओळीत बसवल्याबद्दल क्षमा).

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले होते, की वरुणा गावाहून तुम्ही पाठवता ते दूध माझ्या शाळेतल्या मुली आनंदाने पितात, फक्त वनजा हावरी आणि खोटारडी आहे. ते वाक्य कृपा करून खोडावे.

वनजा सात वर्षांची, पुढचे दात पडलेले. दूध प्यायली की पोट धरून म्हणे, “अक्का, होट्टे हालु.” कानडीत होट्टे म्हणजे पोट, हालु म्हणजे दूध. मला वाटले, पोट आणखी मागते आहे. मी दुसरा पेला पाजला. ती बिचारी ‘हाळु’ म्हणत होती, म्हणजे पोटाची नासाडी! तुमच्यापाशी पाटीवर ‘ल’ आणि ‘ळ’ शंभरदा गिरवलेली मी, पण दात नसलेल्या तोंडातला ‘ळ’ मला कळला नाही (यात तुमचा दोष मुळीच नाही). ती तीनदा विचारून परसात धावली, तेव्हा धडा चुकवते म्हणून मी तिला सर्वांसमोर उभे करून खोटारडी म्हटले. चौथ्यांदा तिने विचारले नाही, आणि तिचा परकर... पुढचे लिहवत नाही. त्या दिवसापासून ती शाळेत नाही.

काल नजरबादेत तिच्या घरी गेले. तिची आजी रुक्मिणीबाई म्हणाल्या, “रंगाऱ्यांच्या घरच्या ना तुम्ही? कानातही रंग गेला वाटतं! आमच्या घरात कुणालाच दूध सोसत नाही हो, ताक मात्र गडूभर चालतं. आणि खोटारडीला शाळा कशाला?” दाराआडून वनजाने मला नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

तुमची लाजलेली,
भानुमती

ता. क. वरच्या दोन अक्षरांचेच मागणे आहे: ताक. थोडे दूध घुसळून वेगळ्या कासंडीतून पाठवाल का? म्हशींचा अपमान समजू नये.

आणखी ता. क. दूध मलाही सोसत नाही. शाळेत माझ्या वाट्याचा पेला मी दोन वर्षे शेवग्याच्या बुंध्याशी ओतते आणि मुलींना ‘थेंब टाकू नका’ सांगते. रुक्मिणीबाईंनी वनजाला एकदाच, तासाभरापुरती, धाडायचे कबूल केले आहे. तिच्यासमोर आणि सगळ्या मुलींसमोर, खोटारडी कोण ते मी सांगणार आहे: शुक्रवारी, २४ जुलैला, प्रार्थना संपताच.